दिव्याची काजळी

दिवा म्हटला की काजळी आलीच. ती पुसायची कुणी, एवढाच प्रश्न!

तारापूरला १९६९ साली अणुवीज निघू लागली. तिचे गुण मी नाकारीत नाही. ओंजळभर युरेनियम वाघिणीभर कोळशाचे काम करते. धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत. दिव्याखाली अभ्यासाला बसणारी पोरे रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला विजेचे मोल कुणी सांगायला नको.

पण १९८६ साली चेर्नोबिलपाशी आणि २०११ साली फुकुशिमापाशी गावेच्या गावे ओस पडली. असे अपघात विरळा, हे खरे. मला बोचते ते निराळेच. काही न बिघडताही अणुभट्टीत प्लुटोनियम तयार होते, आणि ते निम्मे व्हायला सुमारे २४,००० वर्षे लागतात. ज्ञानेश्वरी लिहून अजून साडेसातशे वर्षेही झालेली नाहीत! प्लुटोनियम पुन्हा इंधन म्हणून वापरता येते, उरलेले जहाल द्रव्य काचेत गोठवता येते. तरी राखण चुकत नाही.

आजोबाने आंबा लावावा आणि फळ नातवाने खावे, ही आपली रीत. इथे फळ आजोबा खातो आणि नातवाला कोय राखायला बसवतो. त्या नातवाला विचारले कुणी?

म्हणून अणुवीज नकोच, असे मी म्हणणार नाही. कोळशाचा धूरही नातवंडांच्याच आभाळात साचतो. मात्र ज्याने उजेड भोगला, त्यानेच राखणीची तजवीज आपल्या हयातीत, आपल्या पैशाने करावी. पोरांच्या नावावर कर्ज काढून दिवाळी करणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.