शून्यावर आलेला आकडा



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४०.

भगवान अर्जुनाला सांगतात की या मार्गावर जे सुरू केलं ते वाया जात नाही, त्याचा उलटा परिणाम होत नाही, आणि यातलं थोडं आचरणसुद्धा मोठ्या भयातून सोडवतं. हा श्लोक मी कितीदा वाचलाय याचा हिशोब नाही. पण गेल्या शनिवारी तो मला पहिल्यांदाच खोटा वाटला. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे हैदराबादला आलेत. त्यांना घेऊन आंध्रातल्या नंद्याल जिल्ह्यात बेलम गुहा बघायला गेलो होतो. लांबचा प्रवास, वर ऊन. पार्किंगमध्ये बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "गाडी लॉक केलीस ना रे?" आणि मी चार लोकांसमोर त्यांच्यावर ओरडलो, "किती वेळा तेच तेच, बाबा! डोकं जाग्यावर आहे का तुमचं?"

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

माझा एक नेम आहे. पहाटे गीतेचा एक श्लोक, एक माळ जप, आणि दिवसभर कोणावर आवाज चढवायचा नाही. तिन्ही पाळलं तरच रात्री ॲपमध्ये खूण करायची. ॲप मीच एका रविवारी बसून लिहिलंय. एक दिवस चुकला की आकडा शून्य, हे लॉजिकही माझंच. शनिवारी सकाळी आकडा होता ४१२. तिकिटाच्या रांगेत उभं राहून मी बाबांचा विचार करत नव्हतो. ४१२ गेले, याचा करत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

बेलमला डोंगर नाही. सपाट शेतजमिनीत एक खड्डा, त्यातून खाली जाणारा जिना. 'बिल' म्हणजे बीळ, त्यावरूनच हे नाव पडलं म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८८४ मध्ये या गुहेची नोंद केली. लोकांसाठी ती २००२ मध्ये उघडली. एकूण लांबी ३ किलोमीटरच्या वर, त्यातला साधारण दीड किलोमीटर आपल्याला फिरता येतो. आत पिवळे दिवे आणि दमट उकाडा. भिंतीवर हात ठेवून आई म्हणाली, "अगं बाई, हा तर आपल्या ओट्याचा कडप्पा!"

आईचं बरोबर होतं. आपल्या स्वयंपाकघरातला कडप्पा म्हणजे याच पट्ट्यातला काळा चुनखडीचा दगड. त्यावर लिंबू पिळलेलं राहिलं तर डाग पडतो, हे घरोघरी माहीत असतं. गुहा त्याच न्यायाने झाली. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि दगड खात खात खाली जातं. लाखो वर्षं खाल्लं की गुहा होते. मग तेच पाणी छतातून थेंबाथेंबाने गुहेच्या हवेत येतं, धरून ठेवलेला वायू सोडून देतं, आणि विरघळलेला चुना तिथेच ठेवून जातं. त्याचे लवणस्तंभ होतात. बादलीला पांढरा थर बसतो तसंच, फक्त फार सावकाश. वाढ सरासरीने वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, कुठे कमी, कुठे जास्त. म्हणजे वीतभर लांबीला दोनएक हजार वर्षं.

'कोटिलिंगालु' नावाच्या दालनात असे शेकडो लवणस्तंभ शिवलिंगांसारखे दिसतात. आईने हात जोडले. माझी नजर मात्र एका तुटलेल्या टोकावर गेली. कोणीतरी कधीतरी मोडून नेलं असेल. एका झटक्यात काही शतकं गेली. मनात आलं, भगवंता, हे तर वाया गेलंच की! मग काहीच वाया जात नाही, असं तू कसं म्हणतोस?

तिथेच थांबलो. मागचे लोक पुढे गेले. नीट पाहिलं तर त्या तुटक्या टोकावर एक थेंब होता.

मंडळी, "बघा, थेंब पुन्हा बांधतोय, सगळं ठीक होईल" असं म्हणून मी हा लेख इथे संपवू शकलो असतो. पण ते अर्धंच खरं आहे. थेंब पुन्हा चुना ठेवेल, पण मोडलेला तुकडा परत येणार नाही. ज्याने मोडला त्याने "काहीच वाया जात नाही" म्हणून या श्लोकाचा आधार घेतला, तर ते चालेल का? आपण साधक मंडळी हे फार सहज करतो. आपला नेम मोडला की आपल्याला आपल्या नेमाचं वाईट वाटतं. ज्याच्यावर मोडला, तो माणूस हिशोबातच नसतो.

मला वाटतं इथे दोन वह्या आहेत. एक साधनेची. तिच्याबद्दल भगवंताचा शब्द आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो की श्रद्धा आहे पण मन घसरलं, तर तो माणूस फाटलेल्या ढगासारखा कुठलाच राहत नाही का? भगवान म्हणतात, नाही, चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही, त्याचा प्रवास मागच्या संस्कारापासून पुढे सुरू होतो. शून्यापासून नाही. शून्य माझ्या कोडमध्ये होतं, गीतेत नव्हतं.

दुसरी वही बाबांची. त्यात त्या दिवशी एक वाक्य लिहिलं गेलं. माझे ४१२ दिवस ते खोडू शकत नाहीत. ते मलाच जाऊन भरायचं आहे.

मग ४१२ दिवसांनी दिलं काय? पूर्वी मी अशा वेळी दोन दिवस गप्प बसायचो आणि चूक त्यांचीच कशी, हे मनात मांडत राहायचो. या वेळी ते जमलं नाही. तेवढाच थर बसला असेल. दगड खाणारं आणि दगड बांधणारं पाणी एकच असतं. फरक पडतो तो धरलेलं सोडलं की नाही, यावर.

पाताळगंगेपाशी, जमिनीखाली सुमारे ४६ मीटरवर, बाबा कठड्याला धरून दम खात उभे होते. मी म्हटलं, "बाबा, मघाशी चुकलं माझं. असं बोलायला नको होतं."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "पण लॉक केलीस ना?"

"केलीये, बाबा."

वर आल्यावर आधी जाऊन बघितलं. केली होती.

रात्री ॲप उघडलं. शून्य दाखवणं खोटं होतं, पण ४१३ दाखवणंही खोटंच झालं असतं. ती ओळ कशी बदलायची, ते अजून सुचलेलं नाही.

आजचा संकल्प : नेम मोडला तर आधी त्या माणसाकडे जायचं, आकड्याकडे नंतर.

राम कृष्ण हरी.