तरतूद कुठे आहे?

बस. पाणी पी. आणि 'सर, अचानक आलं हो' हे सोडून दुसरं काहीतरी बोल.

अचानक काय आलं? पावसाळा? पुण्यात तो दर जूनमध्ये येतो. पावसात गोचीड वाढतात, त्यांच्यामुळे ताप येतो, हे तुझ्या कुत्र्याच्या, ब्रूनोच्या डॉक्टरांनी तुला मे महिन्यातच बजावलं होतं. महिन्यातून एकदा मानेवर औषधाचे चार थेंब सोडायचे, एवढंच काम. जून चुकवलास, जुलै चुकवलास. का? तर म्हणे 'एकही गोचीड दिसत नव्हती.' आता प्लेटलेट घसरल्या, सलाइन झालं, तीनदा रक्त तपासलं आणि अठरा हजारांचं बिल घेऊन तू माझ्या दारात. गोचिडीला नावं ठेवू नकोस. ती तिचं काम वेळेवर करते.

दुसरा कुणी असता तर मी इतका चिडलो नसतो. पण तू माझ्याकडे बुककीपिंग शिकलास. सत्त्याण्णव मार्क घेतलेस. आज सी.ए.च्या ऑफिसात बसून जगाचे ताळेबंद जुळवतोस. गिऱ्हाइकानं यंत्र घेऊन घसारा धरला नाही, तर त्याला फैलावर घेतोस. बुडीत कर्जाची तरतूद कुठे, म्हणून विचारतोस. आणि स्वतःच्या घरात दहा-बारा वर्षांचं दायित्व आणलंस, त्याची नोंद? एकच ओळ. 'पिल्लू, 25,000.' अरे, ती किंमत नव्हे. ती प्रवेश फी.

मांड हिशेब. आत्ता, इथे. तीस किलोचा लॅब्रेडॉर, रोज चारशे ग्रॅम खाणं, तूच सांगितलंस. महिन्याला बारा किलो. साडेतीनशे रुपये किलोनं 4,200. वर्षाचे 50,400. बारा वर्षं जगला तर सहा लाखांच्या वर, तेही भाव आहे तिथंच थांबला तर. थांबेल? दुधाचा थांबला का? आणि हे नुसतं ताटलीतलं झालं. यात लस नाही, तीन-तीन महिन्यांनी द्यायचं जंताचं औषध नाही, तुम्ही दिवाळीत कोकणात जाता तेव्हाचं आठ दिवसांचं बोर्डिंग नाही.

तोंड का उतरलं? गणित अवघड होतं? पाचवीतलं पोर करील. तू केलं नाहीस, कारण उत्तर तुला ठाऊक होतं आणि ते नको होतं. याला विसरणं म्हणत नाहीत. डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात.

आणि ते गावाकडचं पुराण मला सांगू नकोस. 'आजोबांचं कुत्रं शिळ्या भाकरीवर जगलं.' जगलं ना. आणि किती मेली, ते कुणी मोजलं होतं? शिवाय ते गावठी कुत्रं होतं, त्या मातीतलं, दिवसभर शिवारात हिंडणारं. तुझ्या लॅब्रेडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांच्या हाताखाली राबायचे. त्याला तू तिसऱ्या मजल्यावर कोंडलंस, फिरवायला वेळ नाही म्हणालास आणि शेपटी हलली की बिस्किट दिलंस. ही जात मुळातच खादाड. वजन वाढतं, सांधे जातात. ते बिलही आत्ताच चालू झालंय, फक्त हातात पडायचंय. तेव्हाही 'अचानक'च म्हणशील ना?

एक गोष्ट मात्र मी माफ करणार नाही. रेबीजची वर्षाची लस 'पुढच्या पगारात बघू' म्हणून ढकललीस. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. कुत्रं नाही, माणूसही नाही. घरात चार वर्षांची पोर आहे तुझी, ब्रूनोच्या गळ्यात पडून झोपते. त्याच महिन्यात नवा फोन घेतलास. हप्त्यावर. हप्ते भरता येतात तर तुला!

म्हणे हौसेला मोल नसतं. तुझ्या खिशात आहे ना त्याचं बिल? काढ, वाच.

मघाशी बोलता बोलता एक वाक्य हळूच टाकलंस, मी ऐकलं. 'नाहीतर कुणाच्या तरी फार्महाउसवर सोडून देऊ.' कुणाच्या? नाव सांग. नाहीच ना? जनावराला असं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार. घाबरू नकोस, पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात दहा ते पन्नास रुपये लिहिलाय. कायद्यानं त्याची किंमत एवढी लावली. तू किती लावतोस, तेवढंच मला बघायचंय.

पैसे देतो. उसने, लिहून घेऊन. कारण तापात तो आहे, तू नव्हेस. पण फुकट सुटणार नाहीस. आज घरी जाऊन ब्रूनोच्या नावाचं वेगळं पान उघड. खाणं महिन्याचं लिही. लस, जंत, गोचीड, बोर्डिंग यांची वर्षाची बेरीज करून तिचे बारा भाग पाड आणि दर एक तारखेला एक भाग बाजूला टाक. त्यावर आजारपणासाठी आणि म्हातारपणासाठी आवर्ती ठेव चालू कर, आत्ता तो तीन वर्षांचा आहे तोवर. विमा काढायचा तर तोही आत्ताच बघ. आधीपासूनचा आजार त्यात सहसा धरत नाहीत, हे तुला मी शिकवायचं?

एवढं करून महिन्याचा आकडा झेपत नसेल तर कशाला कात्री लावायची, ते त्याच पानावर लिही. त्याची लस सोडून. हॉटेल, फोन, गाडीचं पॉलिश, काय वाटेल ते.

रविवारी दहाला ये. पान दाखव. ब्रूनोला बरं वाटत असेल तर त्यालाही आण. आणि ती बिस्किटं आजपासून बंद.