‘आपण’ की ‘आम्ही’?

एका भाषेतील रोजचे वाक्य दुसऱ्या भाषेत नेणे हे वरवर पाहता शब्दकोशाचे काम वाटते. परंतु मध्य युरोपातील स्लोव्हेनियन आणि मादागास्कर बेटावरील मलागासी या परस्परांना अनोळखी भाषा शेजारी ठेवल्या, की ही समजूत टिकत नाही.

निरोपाचाच शब्द पाहा. स्लोव्हेनियन माणूस ‘नास्विदेन्ये’ म्हणतो. त्यात पुनर्भेटीची आशा आहे. मलागासी माणूस ‘वेलुमा’ म्हणतो. त्याच्या मुळाशी ‘जिवंत’ या अर्थाचा शब्द आहे. आपण तर ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. उंबरठा एकच, पण तो ओलांडताना प्रत्येक भाषेच्या मनात दाटून येणारे निराळे.

खरी कसोटी मात्र ‘आम्ही’ या साध्या शब्दाची. स्लोव्हेनियनमध्ये संस्कृतप्रमाणे द्विवचन आहे आणि ते आजही घरोघरी बोलले जाते. पती-पत्नी स्वतःविषयी ‘मिद्वा’ म्हणतात. तिसरे कोणी त्यात आले की ‘मि’. म्हणजे ही भाषा विचारते, तुम्ही किती जण? मलागासी ते विचारत नाही. ती विचारते, ऐकणारा तुमच्यात आहे का? असेल तर ‘इसिका’, नसेल तर ‘इझाहाय’. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगायला नको; आपले ‘आपण’ आणि ‘आम्ही’ ते हेच. तेव्हा ‘मि’चे मलागासी करणाऱ्याला शब्दकोश पुरत नाही. बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याला जागा आहे की नाही, हे त्याला आधी जाणून घ्यावे लागते.

येथे व्याकरणाचा प्रश्न नीतीचा होतो. स्लोव्हेनियन आईवडिलांच्या पोटी १९४८ साली अर्जेंटिनात जन्मलेले व्हिन्सेन्शियन धर्मगुरू फादर पेद्रो ओपेका यांनी १९८९ साली अंतानानारिव्होच्या कचराडेपोवर जगणाऱ्या कुटुंबांत ‘आकामासोआ’ हे कार्य सुरू केले. या नावाचा अर्थ ‘चांगले मित्र’. ‘घरे बांधू’ हे वाक्य तेथे ‘इझाहाय’ने उच्चारले असते, तर एका बाजूस दाते आणि दुसऱ्या बाजूस याचक उभे राहिले असते. पण तेथील रहिवाशांनी स्वतः दगड फोडले, भिंती उभारल्या. ती घरे ‘इसिका’ची आहेत.

मग ‘आपण’ नेहमीच श्रेष्ठ का? तसेही नाही. ‘आपण काटकसर केली पाहिजे’ असे सांगणारा स्वतः काहीच सोडत नसेल, तर त्याचे ‘आपण’ ही लबाडी ठरते. त्यापेक्षा सरळ ‘तुम्ही’ बरे. आणि प्रभूच्या प्रार्थनेत मलागासी, मराठीप्रमाणेच, देवाला ‘आमचा’ पिता म्हणते. तेथे तोच वगळणारा शब्द योग्य आहे, कारण आपण देवाशी बोलत असतो. मात्र तो ‘आमचा’ उच्चारताच शेजारच्या बाकावरील माणूस आपोआप त्यात सामील होतो.

गरिबाविषयी सभेत बोलताना ‘आम्ही’ सहज ओठांवर येते. त्याच्यापुढे उभे राहून ‘आपण’ म्हणायला मात्र वाटेकरी व्हावे लागते. मराठीने हे दोन्ही शब्द आपल्या हाती दिलेले आहेत. कोणता कोठे वापरायचा, हे व्याकरण सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते.