एकट्याने ऐकणे

निवृत्तीनंतर स्वतःसाठी एक चांगला हेडफोन घ्यावा, असे मी ठरवले. वस्तू लहान आणि गरजही साधी. इंदूरच्या आमच्या घरात गाणे ऐकण्याची परंपरा जुनी आहे. पण वाड्याचे दिवस गेले, सदनिकेच्या भिंती पातळ, पलीकडच्या घरातला मुलगा परीक्षेच्या तयारीत आणि माझी ऐकण्याची वेळ रात्री दहानंतरची. आपल्याला प्रिय असलेला स्वर दुसऱ्याच्या कानावर लादणे हाही एक अन्यायच आहे. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सार्वजनिक ध्वनिवर्धकांना रात्री दहा ते सकाळी सहा अशी वेळेची मर्यादा घातली. सभ्य माणसाने ती घरातल्या स्पीकरलाही लावून घ्यावी. तेव्हा हेडफोन घेणे हे मला शेजारधर्माचे पालनच वाटत होते. त्यात काही नैतिक गुंता असेल, अशी शंकाही मनात आली नव्हती. ती आली आईमुळे.

खरेदीपूर्वी अनुभव असावा म्हणून एका स्नेह्याचा हेडफोन मी आठवडाभरासाठी घरी आणला होता. दोन्ही कान पुरते झाकून टाकणारा, पाठीमागून बंद असलेला. त्या रात्री अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. खाँसाहेब आमच्या इंदूरचे. त्यांची ती अतिविलंबित लय लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण तानपुरा इतका जवळून कधी ऐकला नव्हता. दोन स्वरांमधल्या शांततेलाही एक पोत असतो, हे त्या रात्री कळले. हेडफोन उतरवून बाहेर आलो, तर आईच्या खोलीत दिवा जळत होता. शहाऐंशी वर्षांची आई पलंगाच्या कडेवर बसून होती. उशाचा तांब्या रिकामा.

“अगं, हाक मारायची ना!”

“दोनदा मारली. मग म्हटलं, ऐकतोयस, तर ऐकू दे.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. पुढच्या दोन-तीन रात्रींत माझ्या ध्यानात आले की, तिने हाक मारणेच सोडले आहे. भिंतीचा आधार घेत ती स्वतः उठते, स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि परत येते. माझ्या श्रवणानंदाला घरातल्या कोणीतरी न बोलता जागा करून दिली होती, आणि ती जागा तिच्या सोयीतून कापून घेतलेली होती.

डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. नको ते पाहायचे नसेल तर माणूस डोळे मिटतो. कान मात्र झोपेतही उघडेच असतात. लहान मुलाच्या नुसत्या कण्हण्याने आई मध्यरात्री जागी होते, ती कानाच्या या निरुपायी उघडेपणामुळे. माझ्यासाठी ती अशी किती रात्री जागी झाली असेल, त्याची मोजदाद कोण ठेवतो? निसर्गाने कानाला जी पापणी दिली नाही, ती हा हेडफोन देतो. प्रश्न असा, की ती मिटण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. सोनी कंपनीचा वॉकमन 1979 साली जपानमध्ये बाजारात आला. कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की नमुन्याचे यंत्र घरी नेऊन ते ऐकत बसले, तेव्हा पत्नीला आपण बाहेर ठेवले गेल्यासारखे वाटले आणि ती नाराज झाली. एकट्याने ऐकणे हा असभ्यपणा ठरेल, अशा भावनेने पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन जोडण्याची सोय केली गेली. शिवाय एक नारिंगी बटण ठेवले: ते दाबले की संगीत मंद होई आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे ऐकू येई. पुढे दिसले असे, की लोकांना ते यंत्र आपापले, एकट्याचे हवे होते. नंतरच्या यंत्रांतून ते बटण गेले. संकोच यंत्र करणाऱ्याला होता. वापरणाऱ्याने तो फार काळ बाळगला नाही.

या विचारांच्या ओझ्यासह मी दुकानात गेलो. तेथे कळले की हेडफोनच्या दोन जाती आहेत. एकाची पाठ बंद. बाहेरचा आवाज तो अडवतो आणि आतला बाहेर जाऊ देत नाही. दुसऱ्याची पाठ जाळीची, उघडी. 1968 साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने काढलेला एचडी 414 हा या जातीचा आद्य नमुना मानला जातो. उघड्या पाठीमुळे आतली हवा कोंडत नाही, स्वर मोकळा आणि पसरलेला वाटतो. मात्र आवाज थोडा बाहेर झिरपतो आणि घरातले आवाजही आत येतात. दुकानातल्या तरुणाने हा त्याचा दोष म्हणून सांगितला. मला तो गुण वाटला. भिंतीपलीकडच्या मुलाला त्या झिरपण्याचा त्रास होणार नव्हता, आणि आईची हाक मला ऐकू येणार होती.

बाकीची निवड फारशी अवघड गेली नाही. आपल्याला पाठ असलेले एकच ध्वनिमुद्रण सगळ्यांवर ऐकावे, हे उत्तम. मी नुसता तानपुरा ऐकला. पंचम-षड्जाच्या तारा नीट लागलेल्या असतील, तर कोणी न छेडलेला गंधार त्यांतून आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. जो हेडफोन तो गंधार ऐकवतो पण पुढे ढकलत नाही, तो प्रामाणिक. दुसरी दक्षता अशी, की तुलना करताना सगळ्यांचा आवाज सारखा ठेवावा. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. मोठ्याने बोलणाऱ्याचे म्हणणे खरे वाटावे, तसेच हे. किमतीनेही दिपून जाऊ नये. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 283 हेडफोनांचे मोजमाप होते. किंमत आणि स्वरपट्टीचा समतोल यांत काही संबंध आढळला नाही. काही हेडफोनांचा विद्युत्‌रोध 300 ओहमपर्यंत असतो आणि त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर जोडावा लागतो. मी 32 ओहमचा साधा, मध्यम किमतीचा घेतला. आणि आवाज बेतानेच ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबेलचा आवाज आठवड्यास 40 तास सुरक्षित; त्यावर दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. उघडा ठेवायचा तो कान शाबूत तर हवा!

इथे निबंध संपवता आला असता, तर मीही सुखावलो असतो: उघड्या पाठीचा हेडफोन घेतला आणि प्रश्न सुटला. तसे झाले नाही. दुसऱ्याच रात्री आईची हाक आली. स्पष्ट ऐकू आली. पण बंदिशीची सम जवळ आली होती. ही एवढी येऊ दे, म्हणून मी थांबलो. त्या विलंबित लयीत दोन आवर्तने गेली आणि मग उठलो. बंद हेडफोनमध्ये मी निदान निर्दोष होतो, मला ऐकूच आले नव्हते. उघड्या हेडफोनने माझ्याकडून सबब तेवढी काढून घेतली; दोष जिथला तिथे राहिला. कान उघडा असणे आणि माणूस हाकेला असणे, यांत अंतर आहे, आणि ते कोणत्याही दुकानात भरून मिळत नाही.

याचा अर्थ एकांत वाईट, असा मी घेत नाही. मन लावून ऐकायचे, तर एकांत हवाच. घरभर चाललेल्या बडबडीत मारवा ऐकणे म्हणजे मारव्याचाही अपमान आणि घराचाही. पण एकांताचेही प्रकार आहेत. इंदूरहून तासाभराच्या अंतरावरच्या देवासचे उदाहरण मला आठवते. 1948 साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व तेथे आले. पुढची पाचेक वर्षे त्यांना गाता आले नाही. अंथरुणाला खिळलेल्या त्या एकांतात माळव्यातल्या बायकांची गाणी आणि दारावरून जाणाऱ्या भजनी फकिरांचे स्वर त्यांच्या कानी पडत राहिले. पुढे त्यांच्या गाण्यात लोकधुनांचे आणि निर्गुणी भजनांचे जे नवे दालन उघडले, त्याची पायाभरणी या ऐकण्यातली. इतका गाढ एकांत, पण त्याची खिडकी उघडी होती. जगाला बाहेर ठेवून मिळवलेला नव्हता तो.

मग मी ठरवले ते इतकेच: एकांत मागून घ्यावा, परस्पर उचलू नये. आता ऐकायला बसण्याआधी आईचा तांब्या भरतो, तासभर बसणार असे सांगतो आणि हाक मारशील ना, हे तिच्याकडून वदवून घेतो. पहिल्या हाकेला उठायचे, सम चुकली तरी. ते दर वेळी जमते असे नाही. हाका मात्र पुन्हा सुरू झाल्या आहेत, आणि घरात आपल्याला अजून कोणी हाक मारते याचे मोल मला पूर्वी कळले नव्हते.

मागच्या आठवड्यात तिची हाक आली ती पाण्यासाठी नव्हती. “कोण गातंय रे?” मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. तिने क्षणभर ऐकले आणि काढून माझ्या हातात दिला.

“हा माणूस डोक्यात कशाला बसलाय? समोर बसून गाऊ दे की त्याला.”

हेडफोनमध्ये गायक समोर नसतो, मस्तकाच्या मध्यावर असतो, आणि दाद द्यायला शेजारी कोणी नसते, हे तिने एका वाक्यात सांगितले होते. रात्रीचे नऊच वाजले होते. मी जुना स्पीकर मंद आवाजात लावला आणि तिच्या पायथ्याशी बसून ऐकू लागलो.