ती हाक आपण कशासाठी ऐकतो?



पुण्याच्या शनिवारवाड्यात रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही आख्यायिका तुम्हीही ऐकली असेल. रात्री वाड्याचे दरवाजे बंद असतात. तरी हौशी मंडळी मोबाइल घेऊन तटाबाहेर ताटकळतात. भूत आहे की नाही, या वादात पडायला नको. (परीक्षेच्या काळात आम्हा मुलांना तेवढा वेळही नसतो!) पण मनाला एक विचारून पाहा: जीव वाचवण्यासाठी मारलेली हाक आपल्याला केवळ थरारासाठी ऐकावीशी वाटते, तेव्हा आपल्यातल्या करुणेचे काय झालेले असते?

३० ऑगस्ट १७७३. नारायणराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे होते. शस्त्रधारी गारदी मागे लागले, तेव्हा ते धावत रघुनाथरावांकडे गेले आणि त्यांना बिलगले, असे सांगतात. म्हणजे हाक काकांना अगदी जवळून ऐकू आली होती. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना या खुनात दोषी ठरवले.

त्याच दिवशी चाफाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याला वाचवण्यासाठी स्वतःचे अंग मध्ये घातले. तोही मारला गेला.

१८२८ च्या आगीत वाडा जळाला. आत आता मुख्यतः जोतीच उरली आहेत. तुम्ही जाल तेव्हा दिवसा जा, एखाद्या जोत्यापाशी थोडा वेळ शांत उभे राहा. टिळेकरांची हाक ऐकायला कुणी रात्र जागवल्याचे मी तरी ऐकलेले नाही.