हमी गेली, क्षमता आली

मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे ‘रोजगारक्षमता’ या विषयावर बोलायला मला सांगितलं. मी नेट झालेला, पीएचडी झालेला आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. सकाळी एक कॉलेज, दुपारी बावीस किलोमीटरवर दुसरं. तास घेतला तर पैसे. दिवाळी, परीक्षा, मे महिना कोरडा. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, तुम्ही परमनंट आहात का?” वर्ग हसला. मीही हसलो.

तेव्हापासून ‘रोजगारक्षमता’ हा शब्द डोक्यातून जात नाही.

पदवी आणि नोकरीची गाठ इंग्रजांनी मारली. 1844 साली गव्हर्नर जनरल हार्डिंजने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचा ठराव केला. 1857 साली मुंबई विद्यापीठ आलं. त्या व्यवहारात गरज कोणाची हे तरी उघड होतं. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बजावलं, की हायस्कुलातलं शिक्षण कारकून आणि शाळामास्तर तेवढे घडवतं, स्वतंत्रपणे जगायला ते उपयोगी नाही. हेच आज उद्योगपती बोलले की टाळ्या पडतात. पण फुल्यांचा रोख अभ्यासक्रमावर आणि सरकारवर होता. मुलांना त्यांनी नालायक ठरवलं नव्हतं.

शिकवणाऱ्यांसाठी त्याच काळात दुसरा आदर्श उभा राहिला. फर्ग्युसन कॉलेज 1885 सालचं. गोपाळ कृष्ण गोखले तिथे दरमहा 75 रुपयांवर शिकवत राहिले आणि 1902 साली निवृत्त झाले. संस्थाचालकांना हा दाखला भारी प्रिय. मानधनाचा विषय काढला की गोखले हजर! पण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होते, म्हणजे संस्था चालवणाऱ्यांपैकीच एक. त्याग करायचा की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. आम्हाला दर जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यावी लागते.

आता शब्दाकडे येतो. 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम. काम देण्याची जबाबदारी सरकारची. तो कायदा अंगमेहनतीच्या कामाचा होता, पदवीधरांचा नव्हता, हे मान्य. तरी ‘रोजगार’ला ‘हमी’ जोडली होती. पुढे 1983 पासून विनाअनुदानित कॉलेजं वाढली, पदव्या वाढल्या आणि हमीच्या जागी ‘क्षमता’ येऊन बसली. नोकरी मिळाली नाही तर आता कमी पडलास तो तूच. भाषेत इतक्या सफाईने जबाबदारी ढकललेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने ऑन जॉब ट्रेनिंग आणलं. कल्पना वाईट नाही. फुल्यांना कदाचित आवडली असती. पण तालुक्याच्या गावात मुलं जाणार कुठे? मेडिकल, झेरॉक्सचं दुकान, पतसंस्था. एका मुलीच्या नोंदवहीत सलग नऊ दिवस एकच ओळ होती: ‘आज पावत्या लावल्या.’ दहाव्या दिवशी तिने लिहिलं, ‘आज पावत्या संपल्या.’

मार्गदर्शक म्हणून मी त्याखाली सही केली. त्या कामाची तासिका आमच्याकडे धरत नाहीत.