मला धरून बेचाळीस

गर्दी या शब्दाला प्रथमपुरुष नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे कुणी लिहिलेलं नसलं, तरी बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला ते पाठ असतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक "बाप रे, काय ही गर्दी!" म्हणत आत पाऊल टाकतं आणि गर्दीत एकाची भर घालतं. "मी आलो आणि गर्दी झाली," असं आजवर एकानेही म्हटलेलं मी ऐकलं नाही. आपण येतो ते कामासाठी. गर्दी करतात ते इतर. शंभर माणसं अशी प्रत्येकी नव्व्याण्णव मोजतात आणि हिशेबात कायम एक कमी पडतो.

आता प्रश्न असा की, ज्या गर्दीत आपण स्वतः उभे आहोत तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार आहे का? बँकेत हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे आम्ही काचेच्या अलीकडे असतो. मला तो पॅरिसमध्ये पडला.

आठ वर्षांचं रिकरिंग पिकलं, तेव्हा आम्ही उभयता एका प्रवासी कंपनीबरोबर युरोपला निघालो. बसमध्ये एकूण बेचाळीस माणसं. ती मोजण्याचं काम नागपूरच्या एका निवृत्त ओव्हरसियरकाकांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. दर थांब्यावर त्यांची मोजणी एकेचाळीसच भरायची आणि टूर मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळायचं. शेवटी आमची सौ. म्हणाली, "काका, स्वतःला धरा हो!" वेदान्तात दहा जणांची गोष्ट आहे. नदी ओलांडून पलीकडे जातात, मोजतात, तर नऊच! जो तो स्वतःला सोडून मोजत असतो. मग एक वाटसरू येऊन सांगतो, अरे, दहावा तूच. जाणकार त्यावरून आत्मज्ञान सांगतात. माझी मजल गर्दीच्या ज्ञानापर्यंतच गेली.

पॅरिसच्या वाट्याला आमच्या कार्यक्रमात एकच दिवस होता. सकाळी आयफेल टॉवर. 1889 च्या प्रदर्शनासाठी उभारलेला हा टॉवर वीस वर्षांनी उतरवायचं ठरलं होतं. पुढे बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडला म्हणून वाचला. लिफ्टची रांग बघून काका म्हणाले, "ठरल्याप्रमाणे उतरवला असता तर काय बिघडलं असतं?" दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या आहेत असं कळल्यावर मात्र त्यांचं लिफ्टबद्दलचं मत निवळलं. दीड तास खाली उभे राहून आम्ही अकरा मिनिटं वर उभे राहिलो. तिथून नोत्र दाम. 2019 च्या आगीनंतर पाच वर्षं बंद असलेलं हे चर्च 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. आत पाय उचलण्याचीही गरज नव्हती. माणसांचा लोंढा एका दाराने घेतो आणि दुसऱ्या दाराने परत करतो. कॅशियरनेही इतक्या सफाईने नोटा फिरवल्या नसतील.

दुपारी लूव्र संग्रहालय. तिथे सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. रांगेत दुसरा उद्योग नव्हता म्हणून मी हिशेब केला. एका वस्तूला अर्धा मिनिट दिला, जेवण, चहा आणि बायकोचे प्रश्न वजा केले, तरी रोज नऊ तास धरून बत्तीस दिवस लागतात. आम्हाला दोन तास होते.

"यांनी माणसं कमी करायला हवीत," काका घाम पुसत म्हणाले.

"कुठली कमी करायची?" सौ.ने विचारलं. "आपल्या बसपासूनच सुरुवात करू या का?"

काकांनी बसकडे वळून पाहिलं. एकही नाव सुचेना.

खरी गोम इथेच आहे. ही इमारत एके काळी राजवाडा होती. राजाच्या संग्रहातली चित्रं राजा आणि त्याच्या मर्जीतली माणसं निवांत बघत. 1793 साली, क्रांतीच्या धामधुमीत, तिथे सगळ्यांसाठी संग्रहालय उघडलं. तेव्हापासून गर्दी आहे. म्हणजे निवांतपणा हवा असेल तर राजा व्हायला हवं, आणि तसं झालं असतं तर बँकेच्या कारकुनाला दरवाजापाशीच हटकलं असतं. मी आत होतो तो गर्दी आत होती म्हणूनच. आमचं तिकीटसुद्धा बेचाळीस जण होते म्हणून परवडलं होतं.

पण म्हणून गर्दीची आरती ओवाळावी असंही नाही. तिचा भार कुणाच्या तरी पाठीवर पडतोच. 2025 च्या जूनमध्ये याच लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी गर्दीला वैतागून अचानक काम थांबवलं होतं आणि बाहेर हजारो लोक तिष्ठत राहिले होते. वाचून मला परदेशात सख्खे भाऊ सापडल्यासारखं झालं. त्याच वर्षीच्या जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मोनालिसासाठी स्वतंत्र दालन आणि स्वतंत्र तिकीट जाहीर केलं. आमच्याकडे पेन्शनचा काउंटर वेगळा करतात, त्यातलाच प्रकार.

तर त्या मोनालिसासमोर आम्ही एकदाचे पोचलो. उंची 77 सेंटिमीटर, रुंदी 53; आमच्या शाखेतला सुट्ट्यांचा फलक याहून मोठा आहे. पुढे शेकडो हात आणि प्रत्येक हातात मोबाईल, त्यामुळे मला एकदम तीसेक मोनालिसा दिसल्या, खरी सोडून. मग दोन टकलांच्या फटीतून ती दिसली, आणि मी तिला ओळखलं. जाड काच, समोर न संपणारी रांग, प्रत्येकाला अर्धा मिनिट, आणि चेहऱ्यावर दिवसभर टिकवून धरलेलं हसू. ही तर काउंटरवरची बाई! तिच्या हसण्याचं गूढ जगातल्या पंडितांना उकलत नाही म्हणतात. त्यांनी एक तारखेला बँकेत यावं.

काउंटरवर बसणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते. गर्दी दुरूनच दिसते. जवळ आली की एका वेळी एकच माणूस समोर असतो. कुणाला सही जमत नसते, कुणाला मुलाची फी भरायची असते.

एवढ्यात सौ.ने माझी बाही ओढली. "अहो, मागे बघा." मागच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचं 1563 साली पुरं झालेलं काना गावच्या लग्नाचं चित्र होतं. लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र: जवळजवळ दहा मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच, म्हणजे सव्वासातशे चौरस फूट. आमचा ब्लॉक साडेपाचशे आहे. त्यात शंभराहून अधिक माणसं: पाहुणे, वाढपी, वाजंत्री, कुत्री, रांजणाशी खेळणारं एक मांजरसुद्धा. मध्यभागी खुद्द येशू बसला आहे, पाण्याची दारू करण्याचा चमत्कार घडतो आहे, आणि बहुतेक मंडळी आपापल्या नादात. भर लग्नातली गर्दी, पण चित्रकाराने एकालाही नुसतं डोकं म्हणून रंगवलेलं नाही. प्रत्येकाला स्वतंत्र चेहरा दिला आहे. आणि आमची गर्दी त्या गर्दीकडे पाठ करून उभी होती.

एक लहानगी आईच्या कमरेला धरून रडकुंडीला आली होती. पुढच्या पाठींपलीकडे तिला काहीच दिसत नव्हतं. सौ.ने खुणेनेच आईला विचारलं आणि पोरीला वळवून मांजर दाखवलं. भाषा दोघींना वेगळी, पण मांजर एकच. पोरगी हसली. आम्ही बाजूला सरकलो, तेवढ्या जागेत एक आजोबा पुढे आले.

मला वाटतं, प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. गर्दीत स्वतःला धरलं की तक्रारीचा हक्क खर्ची पडतो, पण दुसऱ्या बाजूला एक छोटं काम जमा होतं. एकूण गर्दी आपल्याला आवरत नाही. आपल्या नावावरचा एक मात्र आवरता येतो. तो एक हात खाली घेऊ शकतो, आपला अर्धा मिनिट झाला की सरकू शकतो, मागच्याला वाट देऊ शकतो. बेरीज फारशी बदलत नाही, पण खातं स्वच्छ राहतं.

संध्याकाळी बसमध्ये कुणाचेच पाय बुटात मावत नव्हते. काका उठले, माणसं मोजत शेवटपर्यंत गेले, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "बेचाळीस. चला!"